काटा अर्ध्यावर, गाडी रस्त्यावर

कोणत्याही गॅरेजमध्ये अर्धा तास बसा, एक वाक्य हमखास कानावर पडेल. ‘‘काटा तर अर्ध्यावर होता हो! मग पेट्रोल संपलं कसं?’’ बोलणारा चिडलेला असतो आणि गाडी दोन किलोमीटर ढकलत आणल्यामुळे घामाघूमही झालेला असतो. मेकॅनिक वर न बघता टाकीचे झाकण उघडतो, गाडी डावी-उजवीकडे हलवतो, कान देऊन ऐकतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, टाकीत ठणठणगोपाळ आहे.’’

रोज तीच मोटारसायकल चालवणाऱ्या माणसावर ही वेळ फार तर एकदा येते. मग तो शहाणा होतो. ‘आपल्या गाडीचा काटा अर्ध्यावर आला, की उद्या पंपावर जायचं,’ हे गणित त्याच्या डोक्यात पक्के बसते आणि पुढे वर्षानुवर्षे तो त्याच बिघडलेल्या काट्याबरोबर सुखाने संसार करतो. खरी अडचण होते ती गाडी दुसऱ्याच्या हातात गेली की. हल्ली अनेक घरांत गाडी एक आणि चालवणारे तिघे असतात. मुलगी सकाळच्या पेपरला निघते, वडील रात्रपाळी करून नुकतेच झोपलेले असतात. ती काटा बघते, अर्धी टाकी दिसते आणि ती गाडीला किक मारते. काट्याची खोड वडिलांना ठाऊक असते, पण ती कुठे लिहून ठेवलेली नसते. आणि गाडी बंद पडते ती नेमकी उड्डाणपुलाच्या चढावर.

म्हणून या काट्याची ओळख घरातल्या सगळ्यांनीच करून घेतलेली बरी. त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही. एक वही, एक पेन आणि एक टाकीभर पेट्रोल एवढे पुरते.

गाडी आडवी करण्याचे दिवस

काट्यावर विसंबण्याची सवय तशी नवीच आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक चेतक स्कूटरवर पेट्रोलचा काटाच नव्हता. बुलेटच्या जुन्या गाड्यांवर वेगाचा काटा असे, बॅटरीत वीज जाते की बाहेर येते हे दाखवणारा छोटा काटाही असे, पण पेट्रोल किती आहे ते सांगणारे काही नसे. माणसे झाकण उघडून आत बघत, गाडी हलवून ‘डुबूक’ असा आवाज येतो का ते ऐकत.

तरीही फारसे कोणी अडत नसे. याचे कारण ‘रिझर्व्ह’. टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकला आतून दोन वाटा असत. एक नळी टाकीत थोडी उंच उभी असे, दुसरी वाट अगदी तळाशी. नेहमीच्या चालण्यात पेट्रोल उंच नळीतून येई. पातळी त्या नळीच्या तोंडाखाली गेली, की गाडी आचके देऊ लागे. चालवणारा हात खाली घालून, गाडी न थांबवताच, कॉक फिरवी आणि तळाचे लिटर-दीड लिटर मोकळे होई. गाडी पुन्हा चालू! आता पंप शोधायचा, एवढा निरोप मिळालेला असे. तेही संपले, तर स्कूटर एका अंगावर कलंडवायची आणि कोपऱ्यातले उरलेसुरले पेट्रोल कॉकच्या तोंडाशी आणायचे. भर चौकात सफारी घातलेला गृहस्थ स्कूटरला आडवी निजवतो आहे आणि बायको पर्स सांभाळत बाजूला उभी आहे, हे दृश्य त्या पिढीतल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

या पद्धतीतही एक मेख होती. पेट्रोल भरल्यावर कॉक परत मूळ जागी फिरवायचा विसर पडला, की पुढच्या वेळी रिझर्व्ह नावाचे काही उरतच नसे. पण ती चूक माणसाची. यंत्र आपले काम चोख करी. दोन उंचीच्या दोन वाटा, त्यात बिघडण्यासारखे होतेच काय?

१ एप्रिल २०२० पासून देशात ‘भारत स्टेज ६’ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला, त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. त्याबरोबर तो कॉकही गेला. आता टाकीच्या आत एक छोटा विजेचा पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तो पेट्रोल दाबाने इंजिनाकडे ढकलतो. रिझर्व्ह म्हणजे आता फक्त काट्यावरची लाल पट्टी किंवा लुकलुकणारी शेवटची दांडी. वेगळी वाट नाही, दुसरी संधी नाही. शिवाय हा पंप थंड राहतो तोच भोवतालच्या पेट्रोलमुळे. टाकी वारंवार कोरडी होऊ दिली, तर तो तापतो आणि त्याचे आयुष्य कमी होते. म्हणजे ज्या काळात काट्यावर सगळी भिस्त आली, त्याच काळात काट्याने फसवल्याचा भुर्दंडही वाढला.

टाकीतला चेंडू

काटा चालतो कसा? गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत नळ आपोआप बंद करणारा चेंडू आठवा. मोटारसायकलच्या टाकीतही तसाच एक हलका फ्लोट असतो. तो एका दांड्याच्या टोकाला बसवलेला असतो. पेट्रोलबरोबर तो वर-खाली होतो, दांड्याचे दुसरे टोक एका पट्टीवर घासत सरकते आणि त्या पट्टीतून जाणारी वीज कमी-जास्त होते. वीज किती आली यावर काटा हलतो. एवढाच खेळ.

यात लिटर कुठेच मोजले जात नाहीत, हे लक्षात घ्या. मोजली जाते ती एका ठिकाणची उंची. टाकी सरळ डब्यासारखी असती, तर उंचीवरून लिटर बरोबर कळले असते. पण मोटारसायकलची टाकी गाडीच्या मधल्या नळीवर खोगिरासारखी बसवलेली असते. वर रुंद, मध्ये आत गेलेली, खाली दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या दोन पिशव्या. वरच्या भागात बोटभर पातळी उतरली तर बरेच पेट्रोल संपलेले असते, तळाशी तेवढीच पातळी उतरली तर थोडेच. काही गाड्यांत याचा विचार करून ती पट्टी बनवतात, काहींत तो वरवरचा असतो. म्हणून पहिला अर्धा भाग दोनशे किलोमीटर टिकतो आणि दुसरा अर्धा पाहता पाहता संपतो. ‘आधी पुरतं, मग कुठं जातं कळत नाही,’ हा अनुभव खरा आहे. कोणी पेट्रोल चोरलेले नसते.

टाकी काठोकाठ भरली की फ्लोट छताला टेकतो. आता पातळी थोडी उतरली तरी फ्लोट हलत नाही, काटा पूर्णावरच राहतो आणि मालक खूश होतो. गाडी बाजूच्या स्टँडवर कलती उभी असेल, तर पेट्रोल डाव्या अंगाला जमते आणि काटा भलतेच सांगतो. खंबाटकीचा घाट चढताना पेट्रोल मागे सरकते, उतरताना पुढे, आणि फ्लोट टाकीत कुठे बसवला आहे त्याप्रमाणे काटा वर चढतो किंवा खाली पडतो. खड्ड्याखड्ड्याला काटा नाचू नये म्हणून तो मुद्दाम मंद ठेवलेला असतो. त्यामुळे पेट्रोल भरून लगेच पाहिले, तर कधी कधी तो हललेलाच नसतो. आकड्यांच्या नव्या मीटरवर काट्याऐवजी दांड्या दिसतात, पण त्यांना माहिती पुरवणारा टाकीतला फ्लोट बहुधा तसाच असतो. सहा दांड्या दिसतात म्हणजे प्रत्येक दांडीत टाकीचा सहावा हिस्सा आहे, असे समजू नका.

अनेक कंपन्या लाल रेघ मुद्दाम जरा लवकर दाखवतात, म्हणजे माणूस अडू नये. हेतू चांगला, पण किती लवकर? गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत टायरमधल्या हवेपासून आरशाच्या स्क्रूपर्यंत सगळे असते. काटा लाल रेघेला टेकला की नेमके किती लिटर उरले, हे मात्र बऱ्याच पुस्तिकांत शोधूनही सापडत नाही. ती एक ओळ छापायला काय हरकत आहे, हे कळत नाही.

एका टाकीचा हिशेब

ही ओळ मग आपणच लिहायची. महिन्याच्या सुरुवातीला एकदा टाकी पूर्ण भरून घ्या. भरताना गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी उभी असावी. झाकणाच्या तोंडाशी आत जी पट्टी किंवा कड दिसते, तिथपर्यंतच भरा. अगदी उतू जाईपर्यंत भरण्यात शहाणपण नाही. उन्हात पेट्रोल प्रसरण पावते, त्याला जागा लागते. शिवाय आजच्या गाड्यांत टाकीतली वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा बसवलेला असतो, त्यात पेट्रोल शिरले तर तो निकामी होऊ शकतो.

आता किलोमीटरचा आकडा वहीत लिहा, किंवा ट्रिप मीटर शून्यावर आणा. काटा पाऊण, अर्धा, पाव आणि लाल रेघ या खुणांवर येईल, तेव्हा तेव्हा आकडा टिपा. लाल रेघेला आल्यावर आणखी ताणू नका, सरळ पंपावर जा आणि पुन्हा त्याच पट्टीपर्यंत भरा. किती लिटर बसले ते लिहा.

समजा, टाकी १० लिटरची आहे. पूर्ण ते अर्धा या प्रवासात गाडी २१० किलोमीटर चालली आणि अर्धा ते लाल रेघ फक्त १२०. एकूण ३३० झाले. पंपावर ७.६ लिटर पेट्रोल बसले. म्हणजे लिटरला ४३ किलोमीटरच्या जरा वर पडले आणि लाल रेघेला टाकीत २.४ लिटर शिल्लक होते. काटा अर्ध्यावर पाहून ‘अजून दोनशे जाईल’ असे म्हणणाऱ्याला १२० किलोमीटरवरच लाल रेघ दिसून घाम फुटेल, आणि लाल रेघ पाहून घाबरणाऱ्याकडे प्रत्यक्षात दोन लिटरांहून जास्त असतील. दोघेही फसले. वहीत आकडे असते, तर दोघेही फसले नसते. अर्थात त्या २.४ लिटरांतला तळाचा थोडा भाग पंपाला ओढता येत नाही, तो हिशेबात धरू नका.

दोन-तीन वेळा असे केले की सरासरी मिळते. त्यातला सर्वांत कमी आकडा खरा धरा. दोन लिटर आपले स्वतःचे रिझर्व्ह म्हणून वगळा आणि उरलेल्याला त्या आकड्याने गुणा. वरच्या उदाहरणात ८ गुणिले ४३, म्हणजे ३४४. सोयीसाठी ३०० धरा. ‘ट्रिप मीटर ३०० झाले की पेट्रोल भरा, काटा काहीही म्हणो,’ अशी चिठ्ठी लिहून सीटखाली चिकटवा किंवा गाडीच्या किल्लीला अडकवा. मुलगी, जावई, गावाहून आलेला भाचा, जो कोणी गाडी नेईल त्याला ती वाचता येईल. मात्र घरात एकच शिस्त हवी. टाकी पूर्ण भरली तरच ट्रिप मीटर शून्यावर आणायचे. शंभर रुपयांचे पेट्रोल टाकून कोणी ते शून्य केले, की सगळा हिशेब बुडाला.

सरासरीचा आकडा दर वर्षी तपासून पाहावा लागतो. विशेषतः ज्यांच्या डोक्यात दहा वर्षांपूर्वीचा आकडा घट्ट बसला आहे त्यांनी. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२२ साली गाठले, २० टक्क्यांचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. जुन्या धर्तीच्या दुचाकींची सरासरी या मिश्रणावर ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिला होता. तीनशे किलोमीटरमागे हे दहा-बारा किलोमीटर झाले. शेवटच्या पंपापर्यंत पोहोचायला तेवढे कमी पडू शकतात.

काट्यावरून पंपावर भांडू नका

‘दोनशेचं टाकलं, काटा हललासुद्धा नाही!’ ही तक्रार पेट्रोलने अनेक राज्यांत लिटरमागे शंभरी ओलांडली त्या २०२१ सालापासून जास्तच ऐकू येते. दोनशे रुपयांत दोन लिटर येतात न येतात, गाडी बाजूच्या स्टँडवर कललेली, काटा मुळातच मंद. तो हलला नाही, एवढ्यावरून पंपावाल्याला चोर ठरवता येत नाही.

याचा अर्थ पंपांवर चोरी होतच नाही असे नाही. २०१७ साली उत्तर प्रदेश पोलिसांना लखनौच्या पंपांवर यंत्रात बसवलेल्या चिप सापडल्या होत्या. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनीही महाराष्ट्रातल्या अनेक पंपांवर छापे घातले. पण संशय असेल तर मापावर बोट ठेवा. प्रत्येक पंपावर सरकारी शिक्क्याचे पाच लिटरचे माप ठेवणे बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितले तर त्यात पेट्रोल मोजून दाखवावे लागते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरले तर तक्रार करा. वैधमापन शास्त्र विभाग यासाठीच आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही. ‘माप आणा’ या दोन शब्दांचा परिणाम अर्धा तास हुज्जत घालण्यापेक्षा जास्त होतो.

लांबच्या वाटेवर

शहरात दर दोन-चार किलोमीटरवर पंप असतो, तिथे काट्याची चूक म्हणजे थोडी पायपीट. लांबच्या प्रवासात तसे नाही. मनालीहून लेहला मोटारसायकलने जाणाऱ्या मराठी तरुणांची संख्या आता कमी नाही. या रस्त्यावर केलाँगच्या अलीकडे तांदी येथे पेट्रोल पंप आहे, आणि ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ असा फलक तिथे वर्षानुवर्षे उभा होता. कित्येकांच्या अल्बममध्ये त्याचा फोटो असेल. आता हिशेब करा. १३ लिटरची टाकी आणि लिटरला ३५ किलोमीटर म्हणजे ४५५. सहज पोहोचू, असे वाटते. पण बारालाचा ला, तांगलांग ला यांसारख्या खिंडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढायच्या, मागे सामानाच्या पिशव्या, हवा विरळ. सरासरी २८ वर आली तर १३ लिटरमध्ये होतात ३६४ किलोमीटर. फलकाला एक कमी! म्हणून तिथे जाणारे जाणते लोक काट्याच्या भरवशावर न राहता धातूच्या डब्यात जादा पेट्रोल बांधून नेत.

डब्यावरून आठवले. पंपावर प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल देण्यास मनाई असते, आणि ते योग्यच आहे. अडलेल्या माणसाला तो नियम जाचक वाटतो. पण अशी अर्धी बाटली घरी येते, जिन्याखाली राहते आणि एखाद्या दुपारी तहानलेले पोर ती तोंडाला लावते. पेट्रोल पोटात गेले तर उलटी करवू नका, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरण्याचा धोका असतो. मुलाला तडक दवाखान्यात न्या. हाच धोका मोठ्यांनाही आहे. दुसऱ्याच्या गाडीतून नळीने, तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. एक घोट चुकून श्वासनलिकेत गेला, की रासायनिक न्यूमोनिया होऊ शकतो. आणि रात्रीच्या अंधारात टाकीत किती उरले ते पाहायला काडी पेटवणारे महाभाग अजूनही आहेत! पेट्रोलची वाफ थंडीतही सुटते, हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून राहते आणि ठिणगीची वाटच बघत असते.

बायका-मुलांसह रात्री गाडी बंद पडली, तर आधी गाडी रस्त्याच्या कडेला, उजेडात घ्या आणि सर्वांना रस्त्यापासून दूर उभे करा. इंडिकेटर चालू ठेवा. एकट्याने पंपावर जाऊन बाकीच्यांना गाडीपाशी थांबवण्यापेक्षा घरच्या कोणाला फोन करून बोलावणे बरे. गाडी तासभर रस्त्यावर राहिली, तर काही बिघडत नाही.

काटा दुरुस्त करायचा, तर

काटा सदैव रिकामे दाखवतो, सदैव भरलेले दाखवतो, की मध्येच उड्या मारतो, हे मेकॅनिकला नीट सांगा. फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरले, तर तो बुडतो आणि टाकी भरलेली असली तरी काटा रिकामीच म्हणतो. दांडा अडकला तर काटा एकाच जागी खिळतो. पट्टी झिजली किंवा तिच्यावर घाण बसली, तर काटा ठरावीक जागी येऊन उडी मारतो. पावसाळ्यात झाकणाच्या सैल रबरातून टाकीत पाणी जाते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ते आधी विरघळते, पण मर्यादेबाहेर गेले की इथेनॉलसह तळाशी साचते आणि तळाचे भाग गंजवते. झाकणाचे रबर ही अगदी किरकोळ वस्तू आहे, तिच्याकडे मात्र कोणी बघत नाही.

टाकी उघडण्याआधी मेकॅनिकला तारांचे जोड तपासायला सांगा. टाकीखालचा सॉकेट सैल होणे, अर्थिंगची तार गंजणे, एवढ्यानेही काटा वेडावतो आणि ते काम दहा मिनिटांचे असते. तिथे दोष नसेल, तरच फ्लोट बाहेर काढायचा. हे काम मोकळ्या हवेत, टाकी रिकामी करून करावे लागते. शेजारी वेल्डिंग चालू असेल किंवा कोणी विडी ओढत असेल, तर गाडी तिथून हलवा, संकोच करू नका. फ्लोट परत बसवताना त्याखालचे रबरी सील नवे घाला. जुनेच दाबून बसवले तर थेंब थेंब गळती सुरू होते, आणि खाली इंजिन तापलेले असते.

नवा फ्लोट बसला, की सीटखालची जुनी चिठ्ठी फाडून टाका आणि एका टाकीचा हिशेब पुन्हा करा. कंपनी तीच असली, तरी नव्या फ्लोटचा दांडा जुन्यासारखाच वाकलेला असेल असे नाही.